पगाराऐवजी जमीन: रूफस पटनम आणि ओहायोची पहिली वसाहत

1783 साली अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध संपले तेव्हा नव्या देशाच्या तिजोरीत सैनिकांचा थकलेला पगार चुकता करण्याइतका पैसा नव्हता. तेव्हाच्या काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या मध्यवर्ती सभेला, कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. तिने तेरा राज्यांकडे मागणी करायची आणि राज्यांनी जमेल तेव्हा, जमेल तेवढे पाठवायचे, अशी ती व्यवस्था होती. वर्षानुवर्षे लढलेल्या माणसांच्या हाती अखेर पडले ते कर्जरोखे, म्हणजे सरकार तुमचे इतके डॉलर देणे लागते असे लिहून दिलेले कागद. या कागदांची जमीन कशी झाली, ती जमीन मुळात कोणाची होती आणि तिच्यावर ओहायो हे राज्य कसे उभे राहिले, हे समजून घेण्यासाठी रूफस पटनम या माणसाचे आयुष्य पाहणे हा मला सर्वांत सोपा मार्ग वाटतो. तो सैनिक होता, भूमापक होता, या योजनेच्या मुख्य कर्त्यांपैकी एक होता आणि शेवटी बायकामुलांसह त्याच जमिनीवर जाऊन राहिला.

पटनमचा जन्म 9 एप्रिल 1738 रोजी मॅसॅच्युसेट्समधील सटन या गावी झाला. तो सात वर्षांचा असताना वडील वारले आणि आईने एका खानावळवाल्याशी दुसरे लग्न केले. सावत्र वडिलांना पोराच्या शिक्षणाची गरज वाटत नव्हती. खानावळीत उतरणाऱ्या प्रवाशांची किरकोळ कामे करून मिळालेल्या पैशांतून हा मुलगा बंदुकीची दारू विकत घेई, रानपक्षी मारून विकी आणि त्या कमाईतून अंकलिपी आणि अंकगणिताचे पुस्तक आणी. नवव्या वर्षानंतर आपण सगळी मिळून तीन आठवडे शाळेत गेलो, असे त्याने उतारवयात लिहून ठेवले आहे. त्याचे शुद्धलेखन जन्मभर कच्चे राहिले आणि त्याची खंतही त्याला जन्मभर राहिली. सोळाव्या वर्षी तो पाणचक्क्या बांधणाऱ्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारीला लागला. लाकूड, पाणी, उतार आणि भार यांचा जो अंदाज त्याला तिथे आला, त्यावरच त्याची पुढची सगळी कारकीर्द उभी राहिली.

1757 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो इंग्रजांच्या बाजूने फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात शिपाई म्हणून दाखल झाला. या काळातील एक प्रसंग पुढच्या गोष्टींच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वसाहतींतले शिपाई ठरावीक मुदतीसाठी भरती होत आणि ही मुदत म्हणजे दोन्ही बाजूंना बांधणारा करार आहे, असे ते मानत. 1758 च्या फेब्रुवारीत पटनमच्या तुकडीची मुदत संपली, तरी इंग्रज अधिकारी आपल्याला सोडणार नाहीत, अशी धास्ती या माणसांना वाटली. तेव्हा आपल्या कप्तानासह ही तुकडी भर हिवाळ्यात, बर्फावर चालायचे जोडे पायांत बांधून, डोंगर ओलांडून घरी निघाली. वाटेत शिधा संपला आणि बरोबर असलेला कुत्रा मारून त्याचे वाटे करावे लागले. कराराची मुदत संपल्यावर सक्तीने राबणे म्हणजे गुलामी, इतका स्पष्ट विचार त्यामागे होता. तरीही पटनम पुन्हा भरती झाला आणि 1760 पर्यंत लढला.

त्या युद्धातील सैनिकांना जमीन मिळेल अशी आशा दाखवली गेली होती. ती पदरात पाडून घेण्यासाठी माजी सैनिकांनी एक मंडळ स्थापन केले आणि त्याच्या वतीने 1773 मध्ये पटनम फ्लोरिडाच्या बाजूने मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात जमिनीची पाहणी करायला गेला. त्याने नदीकाठचा मुलूख नीट पाहिला, नकाशे काढले आणि तो परतला, पण राजाच्या दरबाराने जमिनीचे वाटप थांबवले आणि सारी मेहनत वाया गेली. दूर असलेल्या सत्तेच्या तोंडी शब्दावर घरदार हलवू नये, आधी कागद पक्का करावा, हा धडा त्याने तिथे घेतला असावा, असे मला वाटते. कारण पंधरा वर्षांनी तो ओहायोला निघाला तेव्हा काँग्रेसशी झालेला लेखी करार हाती होता.

1775 मध्ये इंग्लंडविरुद्ध युद्ध पेटले आणि पटनम लेफ्टनंट कर्नल म्हणून सैन्यात आला. बोस्टन शहर इंग्रजांच्या ताब्यात होते आणि वॉशिंग्टनच्या फौजेने त्याला वेढा घातला होता. शहराच्या दक्षिणेला डॉर्चेस्टरच्या टेकड्या होत्या. तिथे तोफा चढवल्या की शहर आणि बंदर दोन्ही माऱ्याखाली येणार होते, पण हिवाळ्याने जमीन दीड फुटाहून खोल गोठली होती आणि कुदळ चालत नव्हती. खंदक खणता येत नसेल तर रातोरात आडोसा उभा कसा करायचा, हा प्रश्न पटनमकडे आला. तो सहज जनरल हीथ यांच्या मुक्कामी गेला असता तिथे मेजावर रणांगणावरील बांधकामाविषयीचे एक पुस्तक त्याला दिसले. हीथ आपली पुस्तके कोणाला देत नसत. पटनमने, तुम्हीच मला या कामात ओढले आहे, अशी आठवण करून देत हट्टाने ते मागून नेले. दुसऱ्या दिवशी पाने चाळताना त्याला एका लाकडी चौकटीची माहिती सापडली. जाड ओंडक्यांची ही चौकट जमिनीवर ठेवायची, तिच्यात डहाळ्यांच्या घट्ट बांधलेल्या मोळ्या रचायच्या आणि भिंत तयार करायची. जमीन खणायची गरजच नाही. चौकटी आणि मोळ्या दूर कुठेतरी आधी तयार करून ठेवता येत होत्या. 4 मार्च 1776 च्या रात्री तीनशेहून अधिक बैलगाड्यांनी हे सामान टेकडीवर नेले आणि सकाळी इंग्रज सेनापतीला तिथे तटबंदी उभी दिसली. 17 मार्चला इंग्रज फौज बोस्टन सोडून गेली. नवव्या वर्षानंतर जेमतेम तीन आठवडे शाळा पाहिलेल्या माणसाने एका मागून आणलेल्या पुस्तकाच्या बळावर हे केले, याचे मला फार कौतुक वाटते.

वॉशिंग्टनने त्याला मुख्य अभियंता नेमले. पण अभियंत्यांचे स्वतंत्र दल उभारण्याची त्याची सूचना काँग्रेसने मनावर घेतली नाही, तेव्हा त्याने ते पद सोडून मॅसॅच्युसेट्सच्या पाचव्या पलटणीचे नेतृत्व पत्करले. साराटोगाची मोहीम आणि वेस्ट पॉइंटची तटबंदी यांत त्याचा वाटा होता. 1783 च्या जानेवारीत तो ब्रिगेडियर जनरल झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 1776 मध्येच काँग्रेसने शेवटपर्यंत लढणाऱ्यांना जमीन देण्याचा ठराव केला होता: साध्या शिपायाला 100 एकर, कर्नलला 500 एकर. पुढे अधिकाऱ्यांना तहहयात अर्ध्या पगाराचे वचनही दिले गेले. युद्ध संपता संपता त्या वचनाऐवजी पाच वर्षांचा पूर्ण पगार द्यायचे ठरले आणि तोही रोख्यांत. जून 1783 मध्ये 288 अधिकाऱ्यांनी सही केलेला एक अर्ज पटनमने वॉशिंग्टनकडे पाठवला. आमच्या हक्काची जमीन ओहायो नदीच्या उत्तरेला एकत्र मोजून द्या, असे त्यात मागणे होते. सोबतच्या पत्रात त्याने गाव किती मोठे असावे, शाळा आणि चर्चसाठी किती जमीन राखावी, संरक्षणासाठी गढ्यांची साखळी कशी असावी, इथपर्यंत सारे मांडले होते. मराठी वाचकाला इथे पेशवाईतील सरंजाम आठवेल. मात्र सरंजामात सरदाराला मुलखाचा वसूल मिळे आणि त्यातून त्याने फौज ठेवायची असे, तर इथे सैनिकाला जमिनीची खासगी मालकी हवी होती, जी तो कसू शकेल, विकू शकेल आणि मुलांना देऊ शकेल.

वॉशिंग्टनने अर्ज पुढे पाठवला, पण काँग्रेसकडे तेव्हा द्यायला जमीनही धड नव्हती. पश्चिमेकडील मुलखावर व्हर्जिनियासारखी राज्ये हक्क सांगत होती. व्हर्जिनियाने 1784 मध्ये आपला हक्क सोडला आणि मग 1785 च्या भूमी कायद्याने मोजणीची पद्धत ठरवून दिली. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशी चौरस टाउनशिप आखायची, तिचे 36 भाग पाडायचे, प्रत्येक भाग 640 एकरांचा, त्यांतला 16 क्रमांकाचा भाग सार्वजनिक शाळेसाठी राखायचा आणि बाकीची जमीन किमान एकरी एक डॉलर दराने विकायची. नद्या, टेकड्या, पायवाटा कशाचीही पर्वा न करता सरळ रेषांनी जमीन कापणारी ही जाळी पुढे बहुतेक साऱ्या पश्चिम अमेरिकेवर पसरली. जमीन न पाहताही ती विकता यावी, हा या जाळीचा खरा उपयोग होता.

या मोजणीसाठी पटनमची निवड झाली होती, पण तो तेव्हा ईशान्येकडील मेन या भागातल्या जमिनी मोजण्यात गुंतला होता, म्हणून त्याच्या जागी त्याचा जुना सोबती बेंजामिन टपर गेला. 1786 च्या जानेवारीत टपर परतला आणि पटनमच्या रटलंड येथील घरी उतरला. ओहायोची काळी माती, मोठी झाडे, वाहत्या नद्या यांचे वर्णन ऐकत दोघांनी रात्र बोलण्यात घालवली आणि लगेच वर्तमानपत्रांत निवेदन दिले. 1 मार्चला बोस्टनमधील ‘बंच ऑफ ग्रेप्स’ या खानावळीत प्रतिनिधी जमले आणि ओहायो कंपनी स्थापन झाली.

त्याच वर्षी पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये कर्ज आणि करांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी बंड केले. त्यांत कितीतरी माजी सैनिक होते आणि त्यांचा म्होरक्या डॅनियल शेज हा पटनमच्याच पलटणीतला कप्तान होता. पटनम सरकारच्या बाजूने उभा राहिला. त्याने शेजची गाठ घेऊन त्याला माघार घ्यायला विनवले, पण त्याचा उपयोग झाला नाही. एकाच पलटणीतल्या दोघांना सरकारने कागद दिले होते. ज्यांना पोटासाठी ते कागद मिळेल त्या भावाला सट्टेवाल्यांना विकावे लागले, त्यांच्यासाठी ओहायोची वाट बंद झाली होती. ज्यांना ते धरून ठेवणे परवडले, त्यांच्यासाठी ती उघडणार होती. सैनिकांची वसाहत असे आपण म्हणतो तेव्हा ती बहुतांशी न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या ईशान्येकडील राज्यांतल्या, अधिकाऱ्यांनी योजलेली वसाहत होती, हे विसरता येत नाही.

कंपनीचा व्यवहार असा होता. एक शेअर 1000 डॉलरचा. तो कर्जरोख्यांच्या रूपाने भरायचा आणि खर्चासाठी वर 10 डॉलर सोन्याचांदीत द्यायचे. जमलेले रोखे सरकारला परत करायचे आणि बदल्यात जमीन घ्यायची. सरकारला एक छदामही रोख न देता कर्ज फेडता येत होते, आणि बाजारात मातीमोल झालेला कागद रोखेवाल्याला दर्शनी किमतीने वठवता येत होता. 1787 च्या उन्हाळ्यात कंपनीच्या वतीने मॅनासे कटलर हा पाद्री काँग्रेसशी बोलणी करायला गेला. एकरी एक डॉलर हा दर ठरला. त्यातून नापीक जमिनीपोटी एक तृतीयांश सूट मिळाली. रोख्यांचा बाजारभाव लक्षात घेतला तर नाण्यांच्या हिशेबात हा दर एकरी दहा सेंटांहूनही कमी पडत होता. सुमारे 15 लाख एकरांचा करार झाला; पुढे पैसे पूर्ण न भरता आल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी जमीन मिळाली.

या व्यवहाराच्या जोडीनेच 13 जुलै 1787 रोजी वायव्य प्रदेशाचा, म्हणजे ओहायो नदीच्या उत्तरेकडील मुलखाचा, कायदा संमत झाला. नव्या मुलखात गुलामगिरी असणार नाही, धर्मस्वातंत्र्य असेल, शिक्षणाला उत्तेजन दिले जाईल आणि लोकसंख्या वाढल्यावर हे प्रदेश जुन्या राज्यांच्या बरोबरीचे सभासद होतील, अशी त्यात हमी होती. त्याच कायद्यात असेही लिहिले होते की मूलनिवासींशी नेहमी सचोटीने वागले जाईल आणि त्यांची जमीन त्यांच्या संमतीशिवाय घेतली जाणार नाही. विक्री मात्र संमतीच्या आधीच सुरू झाली होती.

1787-88 च्या हिवाळ्यात दोन तुकड्या न्यू इंग्लंडमधून निघाल्या. पटनमची तुकडी बर्फातून घसरगाड्या ओढत पेनसिल्व्हेनियातील यॉकोगेनी नदीवर पोहोचली. तिथे सर्वांनी मिळून नावा बांधल्या आणि 7 एप्रिल 1788 रोजी 48 माणसे मस्किंगम नदीच्या मुखाशी उतरली. गावाला फ्रान्सच्या मारी आंत्वानेत या राणीवरून मॅरिएटा हे नाव मिळाले, कारण फ्रान्सच्या मदतीने युद्ध जिंकले होते. पटनमने चौरस आकाराची लाकडी गढी बांधली, जिच्या भिंतींतच घरे होती. त्यांतले त्याचे स्वतःचे घर आजही तिथल्या संग्रहालयात उभे आहे. गावाच्या जागी प्राचीन मूलनिवासींनी रचलेले मातीचे मोठे चौथरे आणि टेकाडे होती. पटनमने त्यांचा काळजीपूर्वक नकाशा काढला आणि कंपनीने त्यांपैकी प्रमुख रचना सार्वजनिक जागा म्हणून राखून ठेवल्या.

मेलेल्यांच्या खुणांविषयी दाखवलेली ही आस्था जिवंत माणसांच्या हक्काच्या वेळी अपुरी पडली. इंग्रज आणि मूलनिवासी यांच्यातील 1768 च्या तहाने ओहायो नदी ही सरहद्द मानली गेली होती. 1783 मध्ये इंग्लंडने नदीपलीकडचा सगळा मुलूख अमेरिकेला देऊन टाकला, तेव्हा तिथे राहणाऱ्या लेनापे, वायंडॉट, शॉनी आणि मायामी लोकांना कोणी विचारले नव्हते. नंतरचे तह थोड्या प्रतिनिधींच्या सह्या घेऊन उरकले गेले आणि बहुसंख्य लोकांनी ते मानले नाहीत. ओहायो नदी हीच सीमा, असे म्हणत या जमातींनी एकजूट केली. 2 जानेवारी 1791 रोजी मॅरिएटाच्या वरच्या अंगाला असलेल्या बिग बॉटम या नव्या वस्तीवर लेनापे आणि वायंडॉट योद्ध्यांनी हल्ला केला आणि डझनभर वसाहतवाले मारले गेले. पटनमने आठवडाभरात वॉशिंग्टनला पत्र लिहून फौज मागितली. त्याच वर्षी 4 नोव्हेंबरला, मायामींचा लिटल टर्टल आणि शॉनींचा ब्लू जॅकेट यांच्या नेतृत्वाखालील फौजेने वायव्य प्रदेशाचा गव्हर्नर सेंट क्लेअर याच्या सैन्याचा असा धुव्वा उडवला की सहाशेहून अधिक सैनिक ठार झाले. मूलनिवासींकडून अमेरिकन सैन्याचा एवढा मोठा पराभव ना आधी झाला होता, ना नंतर झाला.

या काळात पटनमच्या हातून घडलेले एक काम फारसे कोणाला ठाऊक नसते आणि मला ते त्याच्या आयुष्यातले सर्वांत विचार करायला लावणारे काम वाटते. 1792 मध्ये सरकारने त्याला पुन्हा ब्रिगेडियर जनरल करून तहाची बोलणी करायला पाठवले. जॉन हेकवेल्डर या धर्मोपदेशकाला सोबत घेऊन तो वाबाश नदीकाठच्या व्हिन्सेन्स या गावी गेला आणि 27 सप्टेंबरला वाबाश आणि इलिनॉय भागांतील जमातींशी त्याने करार केला. आपल्या जमिनी आपल्याच आहेत आणि त्या विकायच्या की नाही हे आपणच ठरवू, हा त्यांचा आग्रह होता. पटनमने कराराच्या चौथ्या कलमात तो मान्य केला. कराराच्या निमित्ताने काही प्रमुख फिलाडेल्फियाला गेले आणि त्यांतले काही देवीच्या रोगाने तिथेच दगावले. 1794 च्या जानेवारीत सिनेटने हा करार फेटाळला. अडचण होती ती चौथ्या कलमाची: त्यांची जमीन विकत घेण्याचा पहिला हक्क फक्त अमेरिकेचा, ही अट त्यात नव्हती. 1787 च्या कायद्यात लिहिलेली सचोटी एका करारात शब्दशः उतरली, तर ती देशाच्या वरिष्ठ सभागृहालाच परवडली नाही.

ऑगस्ट 1794 मध्ये फॉलन टिंबर्सच्या लढाईत जमातींचा पराभव झाला आणि पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलच्या तहाने आजच्या ओहायो राज्याचा बहुतेक भाग अमेरिकेकडे गेला. तोवर मॅरिएटाच्या वसाहतवाल्यांनी गढीच्या आड राहून, पहारे देत, कधी उपाशी राहून दिवस काढले होते. काँग्रेसने 1792 मध्ये कंपनीला 1 लाख एकर जमीन अशा अटीवर दिली की सरहद्दीवर प्रत्यक्ष राहायला तयार असलेल्या माणसाला 100 एकर फुकट मिळावेत. त्या 100 एकरांवरचा शेतकरी शेती करता करता सरकारची सीमा राखीत होता.

1796 मध्ये वॉशिंग्टनने पटनमला देशाचा प्रमुख भूमापक नेमले. गणिताचे शिक्षण नसल्याने त्याच्या देखरेखीखालील काही मोजण्यांत चुका राहिल्या. 1803 मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसनने त्याला काढून जॅरेड मॅन्सफिल्ड या गणितज्ञाला ते काम दिले. पटनम जेफरसनच्या विरोधातल्या फेडरलिस्ट पक्षाचा होता आणि आपल्याला राजकारणापायी काढले, असे त्याचे ठाम मत होते. दोन्ही कारणे खरी असू शकतात. त्याआधी 1802 च्या नोव्हेंबरमध्ये ओहायोची राज्यघटना बनवणाऱ्या परिषदेत तो प्रतिनिधी होता आणि तिथे गुलामगिरीला विरोध करणाऱ्यांबरोबर उभा राहिला. गुलामगिरी बंदच राहिली, पण काळ्या पुरुषांना मताचा हक्क देण्याचा प्रस्ताव परिषदेच्या अध्यक्षांच्या निर्णायक मताने पडला. अथेन्स येथील ओहायो विद्यापीठ 1804 मध्ये स्थापन झाले, ते ओहायो कंपनीच्या करारात शिक्षणासाठी राखलेल्या दोन टाउनशिपच्या बळावर. पटनम त्याचा विश्वस्त होता.

4 मे 1824 रोजी, वयाच्या 86 व्या वर्षी, पटनम मॅरिएटामध्ये वारला. तेव्हा वायंडॉट लोकांकडे राज्याच्या उत्तर भागात सँडस्कीच्या वरच्या खोऱ्यात थोडी जमीन शिल्लक होती. 1842 मध्ये त्यांनी तीही सरकारला लिहून दिली आणि 1843 च्या जुलैमध्ये ते ओहायो सोडून मिसिसिपीच्या पलीकडे गेले.